थवा सैल होतो तेव्हा

मासे विकणाऱ्या दुकानात नियॉन टेट्राची टाकी सहसा दर्शनी भागात ठेवलेली असते आणि तिच्यापुढे थांबल्यावाचून पुढे जाणारा माणूस विरळा. तळाला काही नाही, वनस्पती नाहीत, वरून पांढरा प्रखर उजेड आणि त्या उजेडात शंभर-दीडशे मासे एकाच क्षणी एकाच बाजूला वळतात. निळी रेघ चमकते, विझते आणि पुन्हा चमकते. बहुतेक लोक हे मासे घरी आणतात ते या दृश्यासाठी, आणि मीही त्याच ओढीने आणले. पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यासोबत राहून मला जे उमगले, ते त्या पहिल्या ओढीच्या अगदी उलट आहे. दुकानात आपल्याला मोहात पाडणारी ती घट्ट, शिस्तबद्ध हालचाल म्हणजे माशांची भीती आहे. घरातल्या टाकीत ती दिसेनाशी होऊ लागली, की आपले पाळणे नीट चालले आहे असे समजावे.

नियॉन टेट्रा हा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा मासा. त्याचे मूळ घर म्हणजे ॲमेझॉन खोऱ्याच्या पश्चिम भागातले, पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलमधले लहान ओढे. १९३६ साली जॉर्ज मायर्स या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि विल्यम इनेस या फिलाडेल्फियाच्या मत्स्यछांदिष्टाच्या नावावरून त्याला ‘इनेसी’ म्हटले. त्याच्या अंगावरची निळी रेघ हा रंगद्रव्याचा रंग नाही. त्वचेतल्या विशिष्ट पेशींमध्ये ग्वानिनच्या अतिशय पातळ स्फटिकांचे थर रचलेले असतात. त्यांवरून परतणारा प्रकाश थरांमधल्या अंतरानुसार निळा किंवा हिरवट दिसतो आणि स्फटिकांचा कल बदलला की रंगही बदलतो. रात्री दिवा मालवल्यावर ही रेघ फिकी होत जाते आणि अंधारातून अचानक उजेडात आणलेला नियॉन काही मिनिटे ओळखूही येत नाही इतका निस्तेज असतो. म्हणूनच सकाळी टाकीचा दिवा लावण्यापूर्वी खोलीतला दिवा लावून थोडा वेळ जाऊ द्यावा. एकदम लख्ख झालेल्या पाण्यात हे मासे बिथरून काचेवर आदळतात.

इतका लहान जीव एकटा जगण्यासाठी घडलेलाच नाही. थव्यात नेता नसतो, कोणी इशारा देत नाही, तरीही सगळे एकत्र वळतात, याचे आश्चर्य माणसाला फार जुने आहे. १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की प्रत्येक सदस्याने तीनच साधे नियम पाळले तरी पडद्यावर थवा तयार होतो. शेजाऱ्याला धडकू नये, शेजाऱ्याच्या दिशेने आणि वेगाने जावे, आणि जवळच्यांच्या मध्याकडे सरकत राहावे, इतकेच ते नियम. खरा मासा यासाठी डोळे तर वापरतोच, शिवाय त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीकडे जाणारी एक संवेदनरेषा असते. पाण्याचा बारीकसा दाब, शेजाऱ्याच्या शेपटीने उठलेला हेलकावा तिला कळतो. म्हणजे थव्यातला मासा शेजाऱ्याला पाहतो आणि अंगाने जाणतोही. प्रत्येकाला ठाऊक असतात ते आपले चार-दोन शेजारी. संपूर्ण थवा त्यांच्यापैकी कोणाच्याच नजरेत नसतो, तो दिसतो काचेबाहेरून पाहणाऱ्याला.

या रचनेचा उपयोग मुख्यतः शिकाऱ्यापासून बचावासाठी होतो. मोठ्या घोळक्यात नेमका आपलाच घास होण्याची शक्यता कमी असते. अनेक डोळे एकत्र असले की धोका लवकर दिसतो. आणि एकसारखे दिसणारे, एकाच वेगाने वळणारे मासे समोर असले की शिकाऱ्याला एकावर नजर ठरवता येत नाही. यातला तिसरा फायदा मिळायचा तर थवा घट्ट आणि एकदिश हवा. अंतर कमी, दिशा एक, वेग सारखा. परंतु असे पोहणे महागडे असते, कारण घट्ट थव्यातल्या माशाला खाणे शोधता येत नाही, जोडीदाराकडे लक्ष देता येत नाही, पानावरचा बारीक जीव टिपता येत नाही. म्हणून धोका टळला की थवा उसवतो. झेब्रा डॅनिओ या लहानशा पट्टेरी माशावरच्या प्रयोगांतही हेच आढळले आहे. नव्या, अनोळखी टाकीत सोडलेले मासे एका दिशेने, एकमेकांना धरून पोहतात आणि जागा ओळखीची होऊ लागली, की ती शिस्त उतरत जाते.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळा ओसरल्यावर ताम्हिणीच्या परिसरातल्या एखाद्या ओढ्याच्या डोहाजवळ निवांत बसावे. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत देवारिओ जातीचे मासे आहेत, रुपेरी पोटाचे, अंगावर निळ्या-पिवळ्या रेघा असलेले, प्रवाहाकडे तोंड करून राहणारे. आपण हललो नाही तर ते हात-दोन हातांच्या अंतराने विखुरलेले असतात. एखादा पृष्ठभागावरच्या किड्यासाठी उसळतो, एखादा दगडामागे थांबतो. आपण उठलो आणि आपली सावली पाण्यावर पडली, की निमिषार्धात त्या विखुरलेल्या माशांचा एक गोळा होतो आणि तो गोळा डोहाच्या खोल बाजूला सरकतो. सावली हटल्यावर पुन्हा मोकळे व्हायला त्यांना बराच वेळ लागतो. घाबरणे क्षणाचे असते, विश्वास मात्र सावकाश येतो. दुकानातल्या टाकीवर अशी सावली दिवसभर पडत असते.

माझ्या टाकीतला थवा पहिल्यांदा नीट पसरला, तेव्हा ते आईच्या आधी लक्षात आले. ती काचेजवळ आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, तुझे मासे आज एकत्र नाहीत. भांडलेत का?” मी तिला म्हटले, “नाही आई, आता त्यांना भीती वाटत नाहीये.” तिला ते लगेच पटले. तिचे बालपण मोठ्या वाड्यात गेले होते. घरात सगळे ठीक असले की माणसे आपापल्या खोलीत आपापल्या कामात असतात आणि काही घडले की सगळी ओसरीवर गोळा होतात, असे ती म्हणाली. मला याहून नेमके सांगता आले नसते.

मात्र सैल थवा आणि थव्याचा अभाव यांत फरक आहे, आणि आपल्याकडे तो अनेकदा लक्षात घेतला जात नाही. आपल्या बाजारात मासे जोडीच्या भावाने विकले जातात. त्यामुळे एक जोडी नियॉन, एक जोडी टायगर बार्ब, एक जोडी झेब्रा, हौसेखातर एक जोडी एंजल अशी खरेदी सर्रास होते. टाकी रंगीबेरंगी दिसते, पण तिच्यातल्या प्रत्येक थवाप्रिय माशाच्या वाट्याला एकटेपण येते. दोन नियॉन म्हणजे थवा नव्हे. ते वनस्पतीमागे किंवा फिल्टरच्या कोपऱ्यात दबून राहतात, रंग फिके पडतात, खायला उशिरा येतात. टायगर बार्बसारख्या तापट जातीत तर आपसांतली कुरबुर वाटून घ्यायला पुरेसे साथी नसले, की ती इतर माशांच्या परांवर निघते. २०१० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी घरगुती टाकीत ठेवल्या जाणाऱ्या चार जाती निवडल्या. त्यांत नियॉन टेट्रा आणि टायगर बार्बही होते. एक, दोन, पाच आणि दहा अशा गटांत त्यांचे वर्तन त्यांनी तपासले, आणि मोठे गट माशांच्या हिताचे आहेत असाच त्यांच्या निष्कर्षाचा रोख होता. छंदिष्टांमध्ये किमान सहाचा दंडक रूढ आहे. माझे मत असे, की सहा ही तग धरण्याची संख्या आहे. स्वभाव दिसू लागतो तो दहा-बारांच्या पुढे. दोन फुटी टाकीत पाच जातींच्या पाच जोड्या ठेवण्यापेक्षा एकाच जातीचे बारा मासे ठेवावेत, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

एंजलचा उल्लेख झालाच आहे, तर तेही सांगते. तो मासा ॲमेझॉनचाच आहे आणि मोठा झाला की नियॉन गिळतो. लहानपणी दोघे एकत्र सुखाने दिसतात म्हणून फसू नये.

थवा सैल व्हावा यासाठी टाकीत काय हवे, याचा विचार माशाच्या बाजूने करावा लागतो. पांढरी वाळू आणि डोक्यावर प्रखर दिवा म्हणजे त्याच्यासाठी उघडे माळरान. तळाला गडद रेती हवी, मागच्या बाजूला दाट वनस्पती आणि पुढे पोहायला मोकळी जागा. वर थोड्या तरंगत्या वनस्पती असल्या की उजेड गाळून खाली येतो. लपायला जागा जितकी अधिक, तितके मासे लपतात कमी, हे वाचताना विसंगत वाटते, पण प्रत्यक्षात दरवेळी खरे ठरते. आसरा जवळ आहे हे ठाऊक असलेला मासाच उघड्यावर येतो. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आणि कोकणात घरोघरी असलेल्या देशी बदामाची गळून पडलेली, पूर्ण वाळलेली पाने स्वच्छ धुऊन टाकीत टाकावीत. त्यांतून टॅनिन उतरते, पाण्याला कोऱ्या चहासारखी छटा येते आणि ते किंचित आम्लधर्मी होण्यास मदत होते. नियॉन आणि त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा यांच्या मूळ ओढ्यांतही जंगलाचा पालापाचोळा कुजून पाण्याला असाच तपकिरी रंग आलेला असतो. रस्त्यावरून उचललेले पान मात्र धुराच्या किंवा फवारणीच्या जागेचे नसावे.

काचेवर बोटाने टकटक करण्याबद्दल मी पाहुण्यांच्या मुलांना प्रेमाने पण स्पष्टपणे थांबवते. टेट्रा, बार्ब आणि डॅनिओ ज्या मोठ्या मत्स्यसमूहात मोडतात, त्या समूहातल्या माशांत पोहण्याची हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. पिशवीत उमटलेला कंप त्या हाडांतून थेट कानापर्यंत जातो. त्यामुळे त्यांचे ऐकणे इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असते. आपली टिचकी त्यांना चारही बाजूंनी ऐकू येत असणार.

याच समूहाचे आणखी एक वैशिष्ट्य थव्याशी फार जवळून जोडलेले आहे. मधमाश्यांच्या नृत्याचा उलगडा करणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली नोंदवले, की मिनो जातीचा एक जखमी मासा थव्यात आला, तर बाकीचे घाबरून दूर जातात. जखमी त्वचेतून पाण्यात सुटणारे रसायन इतरांना धोक्याची सूचना देते. जाळीत अडकून एखाद्या माशाची कातडी खरचटली, तर ती बातमी सगळ्या टाकीला कळते आणि पुढे बराच वेळ थवा आवळलेला राहतो. मासे हलवताना जाळीपेक्षा पाण्यातच बुडवलेले भांडे किंवा पारदर्शक डबा वापरावा, हे मला म्हणूनच जास्त योग्य वाटते.

पाण्याविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणारे थोडे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात आणि रेतीत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी आहेत, तिसरे त्यामानाने सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी पूर्ण थवा आणून सोडणे म्हणजे लहान माशांना विषात सोडणे. पाणी जितके अल्कधर्मी आणि गरम, तितका अमोनिया अधिक घातक ठरतो. म्हणून बोअरवेलच्या कठीण पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये विशेष जपावे. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचे पाणी तुलनेने मृदू असते, तेव्हा पुणे-मुंबईकरांना ही एक सवलत आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मात्र रात्रभर बादलीत ठेवून किंवा दुकानात मिळणाऱ्या क्लोरीननाशकाने घालवलेच पाहिजे. ते माशांच्या कल्ल्यांना इजा करते आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून धुऊ नये, तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा.

या सगळ्याची परीक्षा रोज सकाळी माशांमधल्या अंतरावरून करता येते. पाण्याची चाचणी करणारी किट मी वापरते, पण तिच्या आधी थव्याकडे पाहते. सगळे मासे एकाच कोपऱ्यात, एकाच उंचीवर, एका दिशेला तोंड करून गोळा झाले असतील, तर काहीतरी घडले आहे. रात्री वीज जाऊन फिल्टर बंद पडला असेल, खिडकीतून मांजर पाहत असेल, पाणी बदलताना तापमानात फरक पडला असेल. सगळे पृष्ठभागाशी तोंड लावून असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा कल्ल्यांना त्रास होतो आहे. आणि बाकी थवा निवांत असताना एकच मासा सतत वेगळा राहत असेल, विशेषतः रात्री दिवा मालवल्यावरही, तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. नियॉन टेट्राच्या नावानेच ओळखला जाणारा एक रोग आहे, स्नायूंत वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा. त्यात रेघेचा रंग जागोजागी उडतो, पाठ वाकडी होते आणि त्याच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक म्हणजे मासा थव्यापासून तुटणे. त्यावर खात्रीचा इलाज नाही. मेलेला मासा इतरांनी खाल्ला तर रोग पसरतो, म्हणून असा मासा वेळीच वेगळा काढावा लागतो. नवे मासे आणले की त्यांना दोन-तीन आठवडे दुसऱ्या टाकीत ठेवण्याचा नियम मी मोडत नाही तो यासाठीच.

एका माशाच्या निर्धास्तपणाची बातमी दुसऱ्या जातीलाही वाचता येते, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. बुजऱ्या सिक्लिड माशांच्या टाकीत अनुभवी लोक डॅनिओंचा छोटा थवा सोडतात. वरच्या थरात ते मोकळेपणाने पोहत असले, की तळाच्या कपारीत दडलेला मासा हळूहळू बाहेर येतो. वरचे घाबरलेले नाहीत, म्हणजे वर शिकारी नाही, असा तो हिशेब. झेब्रा डॅनिओ हा तर आपल्याच उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. भाताची खाचरे, संथ ओढे, पुराचे साचलेले पाणी अशा ठिकाणी तो राहतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे आणि आपल्याकडच्या दुकानांत सगळ्यात स्वस्त माशांपैकी एक आहे. पहिला थवा ठेवू पाहणाऱ्याला मी नियॉनऐवजी हाच सुचवते. तो काटक आहे, तापमानातले चढउतार सोसतो आणि आपल्या पाण्याला परका नाही. त्याला लांबीची टाकी आणि वर घट्ट झाकण मात्र हवे, कारण तो उडी मारतो.

थवा कुठून आला, हाही प्रश्न पाळणाऱ्याचाच आहे. नियॉन टेट्रा आता मोठ्या प्रमाणावर मत्स्यशेतीतूनच येतो. कार्डिनल टेट्राची गोष्ट वेगळी आहे. ब्राझीलमधल्या रिओ निग्रो नदीवरच्या बार्सेलोस गावच्या परिसरात तो ओढ्यांतून हाताने पकडला जातो. १९८९ पासून तिथे चाललेल्या ‘प्रोजेक्ट पियाबा’ या उपक्रमाचे म्हणणे असे, की माशांवर पोट असलेली कुटुंबे जंगल तोडत नाहीत, म्हणून नीट चालवलेली ही मासेमारी जंगल राखते. उलट उदाहरण आपल्या जवळचे आहे. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांत तांबडी-काळी रेघ मिरवणारा ‘मिस केरळ’ हा डेनिसनी बार्ब राहतो. २०१३ साली त्याच्या प्रजातीगटाला ‘सह्याद्रिया’ असे नाव मिळाले. १९९० च्या दशकापासून परदेशी बाजारात त्याला मागणी आली, नद्यांतून तो बेसुमार उचलला गेला आणि आज तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात आलेल्यांमध्ये आहे. एकाच छंदाने एका नदीकाठी जंगल टिकते आणि दुसऱ्या नदीतला थवा रिकामा होतो. त्यामुळे हा बार्ब घ्यायचा, तर तो हॅचरीत पैदास केलेला आहे का हे विचारूनच घ्यावा, आणि दुकानदाराला सांगता आले नाही तर घेऊ नये. शिवाय तो हातभर नसला तरी बोटभर राहत नाही, पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दोन फुटी टाकी ही त्याची जागा नव्हे.

राहिला प्रश्न थवा उतरणीला लागण्याचा, ज्याविषयी मासे विकत घेताना कोणी बोलत नाही. चांगल्या पाण्यात नियॉन पाच वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. एकाच वेळी आणलेले मासे एकाच वेळी म्हातारे होतात. बारांचे नऊ होतात, नवांचे पाच होतात आणि एका दिवशी तिघेच उरतात. हे तिघे निरोगी असले तरी पुन्हा वनस्पतीमागे जाऊ लागतात, कारण त्यांच्यापुरता थवा संपलेला असतो. अशा वेळी पाळणाऱ्यापुढे दोनच योग्य मार्ग आहेत असे मला वाटते. पुढची पाच-सहा वर्षे हे काम करण्याची तयारी असेल, तर वेगळ्या टाकीत तपासून-पारखून त्याच जातीचे नवे मासे आणावेत. तयारी नसेल, तर उरलेल्या माशांना ज्याच्याकडे मोठा थवा आहे अशा कोणाकडे नेऊन सोडावे आणि आपली टाकी रिकामी करावी. ओढ्यात किंवा तळ्यात त्यांना कधीही सोडू नये. गेल्या वर्षी माझ्याकडे ही वेळ आली, तेव्हा मी नवे मासे आणले. वेगळ्या टाकीतला काळ संपवून त्यांना जुन्यांत सोडले, तेव्हा पहिले काही दिवस सगळे मिळून अगदी घट्ट पोहत होते. पाहुण्यांनी त्याचे फार कौतुक केले. मी मात्र दिवा कमी ठेवला, बदामाची दोन पाने जास्त घातली आणि ते एकमेकांपासून लांब जाण्याची वाट पाहू लागले.